कोंबडीच्या डोळ्यातला थेंब आणि आपल्या ताटातलं अंडं

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लेखी मजकूर. ज्यांच्याकडे रेंज येते-जाते आणि ऑडिओ मध्येच अडकतो, त्यांच्यासाठी खास. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.)



आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे सुचला. मुलचेऱ्याहून आली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मुलचेरा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातला तालुका. भोवती जंगल, मध्ये धानाच्या बांध्या. एकीकडे गोंड-माडिया लोकांची गावं, दुसरीकडे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांसाठी वसवलेली बंगाली गावं. भाषा वेगळी, जेवण वेगळं, पण अंगणात कोंबड्या दोन्हीकडे.

व्हॉइस नोट अशी होती: “दादा, आमच्या गावात पशुसखी ताई आली होती. तिनं कोंबडीच्या पिल्लाच्या डोळ्यात एक-एक थेंब टाकला अन् म्हणे, झाली लस. सुई काहून नाही दिली? अन् आता या कोंबडीचं अंडं खाल्लं तर आमच्या लेकराले हगवण नाही लागणार, असं आहे का?”

दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर मस्त आहे. दुसऱ्याचं उत्तर “नाही” असं आहे. पण त्या “नाही”च्या मागे जी गोष्ट आहे ना, तिच्यासाठीच आजचा भाग.

सुई काहून नाही?

आधी एक विचार करा. रोगाचा जंतू शरीरात शिरतो कुठून? कातडीतून फार कमी वेळा. कातडी जाड असते, कोरडी असते. जंतू शिरतो तो नाकातून, डोळ्यातून, तोंडातून, पोटातून. तिथे शरीराला आतून एक ओलसर, बुळबुळीत अस्तर असतं. पुस्तकात त्याला श्लेष्मल त्वचा म्हणतात. आपण आज ‘आतली ओली कातडी’ म्हणू.

या ओल्या कातडीखाली शरीराची स्वतःची पहारेकऱ्यांची चौकी असते. तिथल्या पेशी आयजीए नावाच्या अँटिबॉडी तयार करतात आणि त्या चिकट द्रावात सोडतात. जंतू आला की या अँटिबॉडी त्याला चिकटतात. मग त्याला भिंतीला धरता येत नाही, आणि तो शेंबडातून नाहीतर विष्ठेतून बाहेर फेकला जातो. आपल्या शरीरात रोज तयार होणाऱ्या अँटिबॉडीमध्ये सगळ्यात जास्त वाटा या आयजीएचाच असतो.

आता सुई. सुईनं लस दंडात किंवा पंखाच्या कातडीखाली दिली की पहारेकरी तयार होतात ते मुख्यतः रक्तात. म्हणजे चोर घरात आल्यावर ते त्याला पकडतील, पण फाटकावर फारसं कोणी नसेल. फाटकावर पहारा हवा असेल तर लस फाटकावरच द्यावी लागते. अशा लसीला म्युकोसल लस म्हणतात.

नाव नवीन वाटलं, तरी तुम्ही स्वतः ही लस घेतलेली आहे. पोलिओचे दोन थेंब! पोलिओचा विषाणू तोंडातून जाऊन आतड्यात वाढतो, म्हणून लसही तोंडातूनच. मुंबईत परळच्या हाफकिनमध्ये हे थेंब तयार व्हायचे. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

पिल्लाच्या डोळ्यातला थेंबही त्याच जातीचा. ती लस राणीखेत रोगाची, म्हणजे गावात ज्याला मानमोडी म्हणतात त्याची. कोंबडीच्या डोळ्यामागे हार्डेरियन नावाची एक ग्रंथी असते. तिथे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी गर्दी करून असतात. शिवाय डोळ्यातला थेंब आतल्या नळीतून नाकात आणि घशात उतरतो. एक थेंब, तीन फाटकं. ताईनं सुई टाळली नव्हती, जागा बरोबर निवडली होती. पुढे साधारण आठ आठवड्यांच्या सुमाराला याच रोगाची एक लस सुईनंही देतात. म्हणजे दोन्ही पहारे लागतात.

कोंबडीनं शिकवलेला धडा

इथे एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींना बी-पेशी म्हणतात, हे दहावी-बारावीत वाचलं असेल. हा ‘बी’ आला कुठून? कोंबडीच्या ढुंगणातून! हसू नका, खरंच.

कोंबडीच्या मलद्वाराजवळ ‘बर्सा’ नावाची एक छोटी पिशवी असते. ती कशासाठी असते, हे खूप वर्षं कोणालाच कळत नव्हतं. १९५०च्या दशकात अमेरिकेत ओहायोमध्ये ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी कोंबड्यांची ही पिशवी काढून काय होतं ते बघत होता. त्याच्या एका मित्राला वर्गात अँटिबॉडीचं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं, म्हणून त्यानं ग्लिकच्या काही कोंबड्या उसन्या घेतल्या आणि त्यांना साल्मोनेला जंतूचा अंश टोचला. ज्यांची पिशवी काढलेली होती, त्यांच्यात अँटिबॉडी तयारच होईनात. प्रात्यक्षिक फसलं, पण शोध लागला. हा लेख मोठ्या मासिकानं परत पाठवला आणि १९५६ मध्ये तो कोंबडीपालनाच्या एका मासिकात छापून आला. आज माणसाच्या वैद्यकशास्त्रातही ज्यांना बी-पेशी म्हणतात, त्यांचा बी या बर्सावरून आलाय.

आणि त्या प्रयोगातला जंतू कोणता होता? साल्मोनेला. चला, आता दुसऱ्या प्रश्नाकडे.

आजारी न पडणारी कोंबडी

मानमोडी आली की गावाला कळतं. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते, दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं. म्हणून तिची लस लोक मागून घेतात.

पण आपल्या ताटातून आपल्याला आजारी पाडणाऱ्या जंतूंचा स्वभाव वेगळा आहे. साल्मोनेलाची काही कुळं, कॅम्पिलोबॅक्टर, ई. कोलाय ओ१५७. हे कोंबडीच्या किंवा गायीच्या आतड्यात निवांत राहतात. कोंबडी चरते, अंडी देते, अगदी ठणठणीत दिसते. साल्मोनेला एंटेरिटिडिस तर अंड्यावर कवच चढायच्या आधीच आत जाऊन बसू शकतो. अंडं बाहेरून स्वच्छ, न फुटलेलं, आणि आत जंतू. (हा टायफॉइडचा जंतू नव्हे, बरं का. तो फक्त माणसात राहतो. हा त्याचा चुलतभाऊ.)

त्रास होतो तो माणसाला. ताप, पोटात मुरडा, हगवण. धडधाकट माणूस आठवड्यात सावरतो. लहान लेकरू, म्हातारं माणूस, गरोदर बाई यांना तो झेपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये अंदाज मांडला होता: दूषित अन्नामुळे जगात वर्षाला ६० कोटी लोक आजारी पडतात, ४ लाख २० हजार मरतात. त्यातली १ लाख २५ हजार पाच वर्षांच्या आतली मुलं. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की दवाखान्याचा रस्ता बंद होतो, अशा गावात हगवण म्हणजे काय असतं, हे मुलचेऱ्याच्या लोकांना मी सांगायची गरज नाही.

मग शास्त्रज्ञांच्या डोक्यात आलं की माणसाला वाचवायचं तर लस कोंबडीलाच द्यावी. तिच्या आतड्याच्या भिंतीवर पहारा बसवला, तर जंतू तिथे टिकणारच नाही, आणि आपल्या ताटापर्यंत येणारच नाही.

ब्रिटनची अंडी

हे जमलंय. डिसेंबर १९८८ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्यातल्या कनिष्ठ मंत्री एडविना करी यांनी जाहीर बोलून टाकलं की देशातल्या बहुतेक अंडी-उत्पादनात साल्मोनेला आहे. अंड्यांचा खप कोसळला, शेतकरी भडकले, आणि दोन आठवड्यांत बाईंना राजीनामा द्यावा लागला. त्यांचं विधान अति होतं, पण जंतू खरा होता.

१९९०च्या दशकात तिथे कोंबड्यांचं लसीकरण सुरू झालं. १९९८ पासून लस दिलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांवर सिंहाचा लाल शिक्का यायला लागला. सोबत उंदरांचा बंदोबस्त, शेडची स्वच्छता, तपासण्या हेही होतं. सुरुवातीच्या लसी सुईच्या होत्या. नंतर पाण्यातून पाजायच्या जिवंत लसी आल्या. पिल्लू एक दिवसाचं असताना पहिला डोस, आणि अंड्यावर येईपर्यंत आणखी दोन.

जिवंत लस म्हणजे खोड मोडलेला साल्मोनेला. अमेरिकेत रॉय कर्टिस यांनी साल्मोनेलाची दोन जीन काढून टाकून अशीच एक लस बनवली. तो आतड्यात शिरतो, पहारेकऱ्यांना जागं करतो, पण रोग करत नाही. शिवाय आणखी एक फायदा. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो ना? तसा हा लसीचा जंतू पिल्लाच्या कोऱ्या आतड्यात आधीच जागा धरून बसतो. मागून आलेल्या खऱ्या जंतूला उभं राहायलाही जागा मिळत नाही.

ब्रिटनमध्ये अंड्यांतून होणारा साल्मोनेला इतका खाली आला की २०१७ मध्ये तिथल्या अन्न विभागानं सल्लाच बदलला: शिक्क्याचं अंडं गरोदर बाईनं आणि लहान मुलानं अर्धं कच्चं खाल्लं तरी चालेल. लस टोचली कोंबडीला, आणि वाचलं लेकरू.

मग सगळ्या जनावरांना का नाही?

कारण पोटातून लस देणं दिसतं तितकं सोपं नाही. अडचणी चार.

एक, पोटातलं आम्ल. ते लसीलाही अन्नच समजतं आणि पचवून टाकतं. यावर उपाय म्हणून लसीला कवच घालायचे प्रयत्न चाललेत. एक गमतीशीर कवच आहे कायटोसानचं. कोळंबी आणि खेकड्याच्या टरफलापासून बनतं, आणि ओल्या कातडीला छान चिकटतं. ओहायोमध्ये कोंबड्यांवर अशा साल्मोनेला लसीचे प्रयोग झालेत.

दोन, आतड्याचा संयम. आतड्यापुढून रोज दाणे, किडे, माती जाते. दिसेल त्या परक्यावर ते चिडलं तर जगणंच अवघड. म्हणून ते मुळातच दुर्लक्ष करायला शिकलेलं असतं. मेलेल्या जंतूची लस पाजली की बऱ्याचदा त्याचा प्रतिसाद असतो, “असेल काहीतरी.” तिला धोक्याची घंटा जोडावी लागते, पण इतकीही मोठी नाही की आतडंच सुजेल.

तीन, गायीचं पोट. गाय-म्हैस-शेळीच्या पोटाला चार कप्पे. पहिला मोठा कप्पा म्हणजे जंतूंनी भरलेली टाकीच. तोंडातून दिलेली लस तिथेच खाल्ली जाते. त्यामुळे गुरांसाठी नाक, डोळा असे दुसरे दरवाजे शोधावे लागतात.

चार, वेळ. हे कॅम्पिलोबॅक्टरचं दुखणं. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाकडे आईच्या अँटिबॉडी असतात. त्या ओसरल्या की जंतू शिरतो. आणि ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांत तर कापायला जाते. लसीला काम करायला वेळ मिळतो कितीसा? जगभर इतकी वर्षं प्रयत्न होऊनही कॅम्पिलोबॅक्टरची लस कोंबडीसाठी बाजारात आलेली नाही.

पैसे कोण देणार?

आता खरी मेख ऐका. समजा लस बनली. कोंबडी आजारी पडत नाही, मरत नाही, अंडी कमी देत नाही. मग कोंबडीवाल्यानं खिशातून पैसे का घालायचे? फायदा होणार तो अंडं खाणाऱ्या कुठल्यातरी अनोळखी लेकराला.

कॅनडात असंच झालं. मे २००० मध्ये वॉकर्टन नावाच्या छोट्या गावात मुसळधार पाऊस पडला, शेणखत वाहून विहिरीच्या पाण्यात उतरलं. त्यात ई. कोलाय ओ१५७ आणि कॅम्पिलोबॅक्टर होते. दोन हजारांहून जास्त लोक आजारी पडले, सात जण गेले. गुरं मात्र ठणठणीत. पुढे त्याच देशात गुरांसाठी ई. कोलाय ओ१५७ ची लस तयार झाली. सुईचीच होती, पण काम तेच: जंतूला आतड्याला चिकटू न देणं. २००८ मध्ये तिला परवाना मिळाला. पण घेणारे इतके कमी निघाले की काही वर्षांत तिचं उत्पादन थांबलं. विज्ञान पास झालं, हिशेबात अडकलं.

आपल्याकडे एका रोगाबाबत हा हिशेब सरकारनं उचललाय. ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात. गाय गाभडते, पडलेला जार दुसरी गाय चाटते, आणि जंतू तोंडातून आत जातो. माणसाला तो कच्च्या दुधातून किंवा जार हातानं उचलताना लागतो. मग येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी, महिनोन्‌महिने. सप्टेंबर २०१९ मध्ये देशभर मोहीम सुरू झाली. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस मिळून पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपये. चार ते आठ महिन्यांच्या गायी-म्हशींच्या कालवडींना आणि पारड्यांना आयुष्यात एकदा लस, फुकट.

ती लस आहे ‘एस-१९’. तिचीही गोष्ट आहे. १९२३ मध्ये जॉन बक नावाच्या शास्त्रज्ञानं गायीच्या दुधातून काढलेला हा जंतू खोलीतच वर्षभरापेक्षा जास्त पडून राहिला, आणि त्याची खोड आपोआप मोडली. सहसा ती सुईनं देतात. पण डोळ्यात थेंब टाकूनही देता येते, तेही खूप कमी मात्रेत. शेळ्या-मेंढ्यांसाठीची ‘रेव्ह-१’ ही लस कितीतरी देशांत डोळ्यातूनच देतात. संरक्षण मिळतं आणि रक्तातल्या अँटिबॉडी लवकर ओसरतात. त्यामुळे पुढे तपासणीत लस दिलेली शेळी आणि आजारी शेळी यांच्यात घोळ होत नाही. आपल्या मोहिमेत ब्रुसेलोसिससाठी शेळ्या मात्र नाहीत. मुलचेऱ्यासारख्या तालुक्यात घरोघरी शेळ्या असतात, तेव्हा हा प्रश्न आपण विचारत राहायला हवा.

मुलचेऱ्याचं काय?

ब्रिटनचा कोंबडीवाला हजारो पक्ष्यांच्या पाण्यात एकदम लस मिसळतो. आपल्या ताईकडे सहा कोंबड्या, त्याही दिवसभर रानात. आज तिच्यासाठी साल्मोनेलाच्या लसीची घरपोच सोय नाही. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर “नाही”. मानमोडीचा थेंब मानमोडीपुरताच.

पण त्या थेंबाची वाट नीट बघा. आपल्या राज्यात पशुपक्ष्यांच्या लसी पुण्यात औंधच्या सरकारी संस्थेत बनतात. तिथून गडचिरोली म्हणजे राज्याचं दुसरं टोक. जिवंत लस, बर्फात ठेवायची. बर्फ वितळला की लस मेली, आणि बाटलीकडे बघून ते कळतही नाही. शिवाय एका कुपीत शंभर किंवा जास्त डोस. विरघळवली की एक-दोन तासांत संपवायची. एकट्या घरासाठी कुपी फोडली तर बाकीची वाया. म्हणून ताई सगळ्या गावाला एकच सकाळ ठरवून देते, कोंबड्या खुराड्यातून सुटायच्या आधीची.

टांझानिया, मोझांबिक, मलावीच्या खेड्यांत हीच अडचण होती. ऑस्ट्रेलियातल्या पीटर स्प्रॅडब्रो यांनी मानमोडीची ‘आय-२’ नावाची लस तयार केली. ती फ्रिजबाहेरही काही आठवडे टिकते. गावातल्याच बायका शिकल्या आणि दर चार महिन्यांनी डोळ्यात एक-एक थेंब टाकू लागल्या. उद्या ताटातल्या जंतूवरची लस आली, तर तीसुद्धा याच हातांनी, याच सकाळी, याच थर्मासमधून येणार. आपल्याजवळ नागपूरला पशुवैद्यक विद्यापीठ आहे. माणूस, जनावर आणि जंगल यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणीही डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरातच झाली. अशा संस्थांकडे आपली मागणी काय? सहा कोंबड्यांच्या घराला परवडेल, उन्हात टिकेल अशी लस.

तोवर घरात काय करायचं?

पटकन सांगतो, स्क्रीनशॉट काढा.

अंडं पूर्ण शिजवा, पिवळा बलक घट्ट होईपर्यंत. बदकाचं अंडं तर नक्कीच. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, पाणी उडून जंतू भांड्यांवर जातात. चिकन कापलेल्या विळीनं कांदा-काकडी कापू नका. कोंबडीला, पिल्लाला हात लावला की साबणानं हात धुवा, लेकरांचे तर आधी. दूध उकळूनच प्या. गाय-शेळी गाभडली तर जार उघड्या हातानं उचलू नका, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

आणि लस पाण्यातून द्यायची असेल तर: आधी तास-दोन तास पाणी बंद ठेवा म्हणजे कोंबड्या तहानलेल्या राहतील. ब्लीचिंग पावडरचं पाणी नको, ते जिवंत लस मारतं. स्वच्छ प्लास्टिकचं भांडं घ्या, आणि दोन तासांत पाणी संपेल इतकंच द्या.

तर मुलचेऱ्याच्या आमच्या मैत्रिणी, तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली. पुढच्या वेळी ताई येईल तेव्हा शेजारच्या चार घरांना आदल्या रात्री निरोप दे, म्हणजे कुपी वाया जाणार नाही. तुमच्या गावात लस कधी येते, कशी येते, बर्फात येते का, हे सगळ्यांनीच आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. बोलीत पाठवा, आम्हाला आवडतं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!